अठरा हजार किलोमीटर, जागच्या जागी

ट्रेडमिल घ्यायची तर जिममधून निघालेली, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, म्हणजे रिफर्बिश्ड कमर्शियलच घे, असं एका जाणकारानं सांगितलं आणि वर म्हणाला, आधी मीटर बघ. गाडीसारखं हिलाही मीटर असतं हे मला नवीनच. दोन-तीन बटणं एकदम दाबली की आतला मेनू उघडतो, तिथे आकडा होता १८,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०००, म्हणजे ही बाई जवळजवळ अर्धी पृथ्वी चाललीये आणि तीही एका भिंतीकडे बघत!

रिफर्बिश्ड हा शब्द मात्र भलताच लवचिक. कुणी नुसतं फडकं मारून पॉलिश करतो आणि तेच म्हणतो, कुणी खरंच पट्टा नवा टाकतो, रोलरचे बेअरिंग बघतो आणि पट्ट्याखालची फळी उलटी करून बसवतो. बऱ्याच मशीनची फळी दोन्ही बाजूंनी वापरता येते, पूर्वी शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून शिवायचे ना, अगदी तस्संच. मोटर एसी करंटवर चालणारी असली तर तिला कार्बन ब्रश नसतात, झिजायला तेवढं एक कमी. पण वजन दीडशे किलोच्या पुढे, त्यामुळे जिन्यावरून चढवणाऱ्यांचे शिव्याशाप आपल्याच खात्यावर. आणि हो, विजेची वेगळी लाईन लागेल का ते आधी विचारा, मी नंतर विचारलं.

विकणाऱ्यानं मोटरचं कव्हर उघडून दाखवलं तर आत कोपऱ्यात काळी भुकटी, पट्टा घासून घासून पडलेली. मला एकदम ते इंग्लंडमधले कैदी आठवले. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यासाठी पायानं फिरवायचं चाक काढलं होतं, काही तुरुंगांत त्यावर धान्य दळायचे. त्यांच्या चालण्यातून निदान पीठ तरी निघायचं, इथे अठरा हजार किलोमीटरची मूठभर भुकटी.

मग वर चढून अगदी कमी स्पीडला चालून बघितलं, कारण पट्टा अडखळत असेल तर तो माणसाच्या वजनाखालीच कळतो, रिकामा तर कुठलाही छान फिरतो. नाही अडखळला. सगळं नवं केलं होतं त्यानं, फक्त स्पीडच्या बटणांची पट्टी जुनीच ठेवली होती. त्यावर ५ आणि ६ चे आकडे पार पुसलेले, १२ चं बटण मात्र कोरं करकरीत.

मीही ५ च दाबलं, अंदाजानं.