बंद लिफाफा आणि पान ६१

आमच्या कारखान्यातून राजीनामा देऊन गेलेला एक अधिकारी आमच्याच चिकटद्रव्याचे सूत्र आणि कच्च्या मालाचे खरेदीदर घेऊन स्पर्धकाकडे रुजू झाला, म्हणून आम्ही मनाई हुकमासाठी वाणिज्यिक दावा लावला. वकील कसे शोधले, मसुदा किती वेळा बदलला, हे सांगत बसत नाही. ते सगळे सुरळीत पार पडले. गाडी अडली ती एका लिफाफ्यापाशी, आणि त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही.

अडचण साधी होती. चोरी सिद्ध करायची तर काय चोरीला गेले ते न्यायालयाला दाखवावे लागते. वाणिज्यिक दाव्यांना लागू असलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ प्रमाणे वादविषयाशी संबंधित आणि आपल्या ताब्यात असलेले सर्व कागद, आपल्या बाजूचे असोत वा विरुद्ध जाणारे, वादपत्रासोबतच द्यावे लागतात. ते प्रतिवादीच्या हाती जातात, आणि एकदा अभिलेखात गेले की त्रयस्थ माणूसही कारण सांगून नकलेसाठी अर्ज करू शकतो. म्हणजे जे गुपित वाचवण्यासाठी मी न्यायालयात आलो होतो, ते मीच टेबलावर मांडायचे होते. मी दावा लावला तेव्हा व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला, एवढेच.

मी २१४ पानांवर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का मारला, सगळे एका जाड लिफाफ्यात घातले, तोंडावर लाख लावली आणि वकिलांच्या कारकुनासोबत दाखल करायला गेलो. खिडकीवर उत्तर मिळाले की न्यायालयाच्या आदेशाशिवाय बंद लिफाफा स्वीकारता येत नाही. आदेशासाठी अर्ज करावा तर दाव्याला क्रमांक हवा. क्रमांक पडण्यासाठी कार्यालयाने कागदांवर काढलेल्या हरकती दूर झालेल्या हव्यात. आणि पहिलीच हरकत अशी की यादीत नमूद केलेले कागद सोबत जोडलेले नाहीत. ते कागद लिफाफ्यात आहेत, असे मी म्हणालो. लिफाफा घेता येत नाही, असे ते म्हणाले. हे संभाषण थोड्याफार फरकाने मी पाच आठवडे केले, आणि त्या काळात आमचा माजी अधिकारी तिकडे बिनघोर काम करत होता. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला. त्याचा उपयोग शून्य झाला, उलट यादीतील अनुक्रमांक जुळत नाहीत अशी एक नवी हरकत निघाली, आणि तीही, मान्य करतो, खरी होती.

वाट अखेर वकिलांनीच काढली. प्रत्येक गोपनीय कागदाची मजकूर झाकलेली प्रत त्यांनी वादपत्राला जोडली, मूळ कागद न्यायालय सांगेल त्या रीतीने सादर करू असे हमीपत्र दिले, आणि गोपनीयतेचा अर्ज दाव्यासोबतच ठेवला. हरकती दूर झाल्या, क्रमांक पडला, प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आले. हे पहिल्या दिवशी केले असते तर पाच आठवडे वाचले असते. वाचणाऱ्याने एवढे तरी उचलावे.

आता झाकण्याविषयी, कारण यात मी जवळजवळ फसलो होतो. काळ्या मार्करने खोडलेली ओळ कागद खिडकीपाशी धरला की सरळ वाचता येते, म्हणून खोडून झाल्यावर त्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढावी आणि तीच दाखल करावी. ई-फाइलिंगमध्ये धोका याहून मोठा आहे: पीडीएफवर काळी चौकट ओढली तरी खालचा मजकूर तसाच राहू शकतो आणि निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. आमच्या भाच्याने माझ्यादेखत, माझ्याच फाइलमधून, राळेचे प्रमाण बाहेर काढून दाखवले. ते दाखल होण्याच्या आदल्या रात्री कळले, हे नशीब.

सुनावणीला मला वाटले होते की ‘व्यापारी गुपित’ हे दोन शब्द उच्चारले की काम होईल. वकिलांनी १९६६ च्या मिरजकर निकालाचा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयातील बदनामीच्या एका दाव्यात, आपली साक्ष छापून आल्याने धंद्याला फटका बसतो, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली होती. ती साक्ष छापू नये असा तोंडी आदेश झाला आणि ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेश टिकवला. मी मनात खूश झालो. न्यायाधीशांनी मात्र त्याच निकालाची दुसरी बाजू पुढे केली: सुनावणी उघड असणे हा नियम, झाकणे हा अपवाद, आणि अपवादाची गरज मागणाऱ्याने दाखवायची. मग त्यांनी पान ६१ उघडले. ‘हे दरपत्रक तुमच्या संकेतस्थळावर आहे का?’ होते. ‘मग हे जगाला कळल्याने तुमचे नेमके काय नुकसान होणार आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण पान ६१ मी वाचलेच नव्हते. शिक्का मारणाऱ्या मुलाला ‘सगळ्यांवर मार’ असे सांगून मी जेवायला गेलो होतो.

पुढची तारीख पडली आणि आम्ही प्रत्येक पानासमोर एकेक वाक्यात कारण लिहायला बसलो: हा आकडा कळला तर स्पर्धक आमच्या पुरवठादाराकडून कोणत्या भावाने माल उचलेल, हे तापमान कळले तर किती महिन्यांचे प्रयोग त्याचे वाचतील. ज्या पानाला असे वाक्य सुचेना ते यादीतून काढले. २१४ पानांपैकी ९ पाने आणि एका तक्त्यातले दोन स्तंभ उरले. अपमान वाटला, पण यादी पटली.

प्रतिवादीच्या वकिलांचा आक्षेपही रास्त होता: जे पाहताच येत नाही त्याला उत्तर कसे द्यायचे? दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या मूळ शाखा नियमांत (जे दावे थेट उच्च न्यायालयातच लागतात त्यांच्यासाठीचे नियम) ‘कॉन्फिडेन्शियॅलिटी क्लब’ची तरतूद आहे. आमच्या वकिलांनी तिचाच नमुना पुढे ठेवला आणि तो मान्य झाला: दोन्ही बाजूंचे मोजके बाहेरचे वकील आणि तज्ज्ञ एवढ्यांनीच ती ९ पाने पाहायची, आत काय आहे ते बाहेर सांगायचे नाही, पाहून झाल्यावर लिफाफा पुन्हा मोहोरबंद करायचा. यात आपले नेहमीचे वकील बसतील का, हे आधी तपासा; कंपनीच्या पगारावरचा विधी अधिकारी अशा गटात सहसा घेतला जात नाही.

एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली. आदेश संकेतस्थळावर चढतात, तेव्हा लिफाफा मोहोरबंद आणि आतला आकडा आदेशाच्या परिच्छेदात, असे होऊ शकते. आम्ही सुनावणीतच विनंती केली, म्हणून आदेशात सूत्राचे घटक ‘क’ आणि ‘ख’ एवढेच आले.

मनाई हुकूम मिळाल्यावर काही महिन्यांनी एका त्रयस्थाचा नकलेचा अर्ज आल्याचे वकिलांनी कळवले. कोण, कशासाठी, या विचाराने मी रात्रभर जागा राहिलो. त्याला झाकलेली प्रत मिळाली. त्यात पान ६१ पूर्णच्या पूर्ण होते.