महिन्याचा रकाना

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज नेच्यांचं, म्हणजे फर्नचं, कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास अजून बोटांना आहे. कॉलेजच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, शीट संगणकावर चढवायचं काम चाललंय. फुलझाडं बाकीच्यांनी वाटून घेतली आणि मराठवाड्यात नेचे ते असे किती, म्हणत हे दोन खण माझ्या गळ्यात पडले. मला आवडलं.

जिल्ह्याच्या रकान्यातच पहिला अर्धा तास गेला. सत्तरच्या दशकातल्या लेबलवर 'जि. औरंगाबाद' आहे, पण जालना वेगळा झाला १९८१ मध्ये. परभणीचंही तेच, १९९९ मध्ये हिंगोली बाहेर पडला. गावाचं नाव नसेल तर आजचा जिल्हा ठरवायचा कसा? शेवटी लेबलवरचं जसंच्या तसं एका रकान्यात, आजचा जिल्हा दुसऱ्यात, आणि खात्री नसेल तिथं तो कोराच.

हंसराज या नेच्याच्या शीट मात्र बघत राहावं अशा. एक पान सुलटं, एक मुद्दाम उलटं चिकटवलेलं, कारण बीजाणू पानाच्या दुमडलेल्या काठाखाली असतात आणि ते दिसले नाहीत तर नेचा ओळखणं अवघड. मूळचं नाव अॅडिअँटम लुन्युलॅटम, शेजारी नंतरच्या कुणीतरी लावलेली चिठ्ठी: फिलिपेन्स. जुनं नाव खोडायचं नसतं. सरकारी दप्तरात एवढी शिस्त दिसत नाही.

मग तारखेप्रमाणे यादी लावली आणि थांबले. जवळजवळ सगळं ऑगस्ट-सप्टेंबर. ही यादी एकटीच वाचणाऱ्याला वाटेल की आपल्याकडचा नेचा श्रावणात उगवतो नि दसऱ्याला मरतो. खरं तर सहली श्रावणात निघतात, एवढंच. हंसराजाची पानं वाळून झडली तरी त्याचं खोड मातीत जिवंत असतं. मयूरशिखा हा दुसरा नेचा तर उन्हाळ्यात पानं आत वळवून भिंतीच्या फटीत तसाच बसून राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा पंख्यासारखा पसरतो. आवळलेल्या मयूरशिखेची आमच्याकडे एकही शीट नाही.

सरांना बोलले.

"उन्हाळ्यात काय गोळा करणार? काड्या?"

"हो सर, काड्याच."

"बीजाणू नसले तर ओळखणार कोण?"

हंसराजापुरतं सरांचं म्हणणं मला पटतं, नुसत्या खोडावरून मी तरी नाव सांगणार नाही. पण मयूरशिखा वाळली तरी तिच्यासारखी तीच. आणि एकाच झुबक्यातून आत्ता एक पान आणि वैशाखात एक असं घेतलं, दोन्ही लेबलांवर एकमेकांचे क्रमांक टाकले, तर ओळखीचा प्रश्नच उरत नाही. सर हसले, म्हणाले, "कागद वाया गेला तर तुमच्या नावावर."

गोळा करायला गौताळ्याला जावं तर ते अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देईन. तोवर आमच्या गावची बारव आहेच. तिच्या आतल्या ओल्या बाजूला हंसराज आणि वरच्या तापणाऱ्या दगडांत मयूरशिखा, दोन्ही आहेत. लेबलवर बारव, कोणती बाजू, ऊन किती वेळ पडतं, पाणी कितव्या पायरीला आहे, सगळं लिहिणार. 'भिंतीवर' एवढंच लिहिलेली लेबलं आज पुष्कळ पाहिली.