फायब्रोब्लास्ट रेषेत वाढवताना

फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतकातल्या पेशी, एकाच दिशेनं वाढवायचे होते आणि त्यांच्याखालचा पॉलिमर लवचीक हवा होता, म्हणून मी पीडीएमएस निवडलं. पण हे सिलिकॉन रबर पाण्याला दूर ठेवतं. त्यावरच्या पाण्याच्या थेंबाचा संपर्ककोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, सुमारे ११० अंश भरतो; कोन जितका मोठा तितका पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवणारा. तशाच कोऱ्या पृष्ठभागावर पेशी नीट पसरत नाहीत, गोल राहून एकमेकींना चिकटतात.

ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित केलेला ऑक्सिजन वायू) दिला की वरचे मिथाइल गट जाऊन पाण्याला ओढणारे सिलॅनॉल गट येतात आणि थेंब झटकन पसरतो. मात्र रबराच्या आतल्या सुट्या, लहान रेणुसाखळ्या हळूहळू वर सरकतात आणि पृष्ठभाग पुन्हा जलविरोधी होऊ लागतो. म्हणून पुढची सगळी तयारी मांडून ठेवूनच मी प्लाझ्मा सुरू करायचो.

पेशी खरं तर पॉलिमरला धरत नाही, त्यावर बसलेल्या प्रथिनाला धरते. फायब्रोनेक्टिन या चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनातला आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा तुकडा तिच्या इंटिग्रिनना (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, पकड घेणाऱ्या प्रथिनांना) ओळखता येतो. तेव्हा २० मायक्रॉन रुंदीच्या रेषांचा शिक्का घेतला, त्यावर फायब्रोनेक्टिनचं द्रावण तासभर ठेवलं, धुऊन वाळवलं आणि शिक्का पृष्ठभागावर टेकवला. मधल्या जागांत पेशी बसू नयेत म्हणून त्या प्ल्युरॉनिक एफ-१२७ या प्रथिनांना अडवणाऱ्या पॉलिमरने झाकल्या.

खरी कसोटी इथेच लागली. फ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगाच्या मदतीनं सूक्ष्मदर्शकाखाली) प्रथिनाच्या रेषा रेखीव दिसत होत्या, तरी पेशी मधल्या जागांतही बसत होत्या. प्ल्युरॉनिकचा मधला भाग जलविरोधी असतो. तो पृष्ठभागाला चिकटतो आणि दोन्ही टोकं पाण्यात उभी राहून प्रथिनांना अडवतात. प्लाझ्माने पृष्ठभाग फारच जलस्नेही झाला की या मधल्या भागाला आधारच मिळत नाही. उलट शिक्क्यावरून प्रथिन नीट उतरायला पृष्ठभाग थोडा तरी ओला होणारा लागतो. या ओढाताणीतून वाट काढायला प्लाझ्माचा वेळ कमी केला, आणि दर वेळी थेंबाचा कोन मोजूनच पुढे गेलो. माझ्या मते ही मोजणी कधीच टाळू नये. यंत्रावरची वेळ तीच ठेवली तरी पृष्ठभाग तसाच मिळेल याची खात्री नसते.

पेशी सिरमविना (सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) मीडियात, म्हणजे पोषक द्रावणात टाकल्या, कारण सिरममध्येही चिकटायला मदत करणारी प्रथिनं असतात. न चिकटलेल्या धुऊन काढल्या आणि मग सिरम दिलं. दुसऱ्या दिवशी पेशी रेषांवर लांबट ताणलेल्या होत्या, केंद्रकंसुद्धा त्याच दिशेनं लांबलेली. ते पाहून झालेला आनंद अजून ताजा आहे.

हा आराखडा कायमचा नसतो. प्ल्युरॉनिक नुसतं अधिशोषित, म्हणजे रासायनिक बंधाविना पृष्ठभागावर बसलेलं असल्यानं सुटत जातं, पेशी स्वतःचं फायब्रोनेक्टिन सोडतात आणि मधल्या जागा भरू लागतात. आठवड्यांचा प्रयोग असेल तर मधल्या जागांसाठी सहसंयुज बंधानं जोडलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरावं.