मोजे, बल्ब आणि संसार

आधुनिक अमेरिकी नाटकांतले मोडके संसार वाचताना त्यांतल्या व्यभिचारापेक्षा किंवा आरडाओरड्यापेक्षा घरातल्या किरकोळ वस्तूच माझ्या अधिक लक्षात राहतात. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मध्ये (१९४९) लिंडा आपले विरलेले रेशमी मोजे रफू करत बसलेली असते आणि विली लोमन एकाएकी तिच्यावर उखडतो, या घरात मोजे शिवायचे नाहीत, फेकून दे म्हणतो. बॉस्टनमधल्या दुसऱ्या बाईला तो नवेकोरे मोजे देतो, हे आपल्याला ठाऊक असते, लिंडाला नसते. ती मोजे मुकाट्याने खिशात ठेवते. मोठ्या मुलाला मात्र पुढे सारे कळते आणि आईचे मोजे तू तिला दिलेस, असे तो बापाला तोंडावर सुनावतो.

एडवर्ड अल्बीच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’मधल्या (१९६२) जॉर्ज आणि मार्था या नवराबायकोचे रात्रभर चालणारे भांडण गाजले खरे, पण त्यातली चतुराई मला थोडी दमवते. त्यापेक्षा यूजीन ओनीलच्या ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’मधला टायरोन मला जास्त अस्वस्थ करतो. हा नामवंत नट जमिनी घेताना मागेपुढे पाहत नाही, पण घरात एक दिवा जास्त जळला की त्याचा जीव वरखाली होतो. बायकोच्या बाळंतपणानंतर त्याने हॉटेलातला स्वस्तातला डॉक्टर गाठला, त्याने मॉर्फिन दिले आणि ते तिला कायमचे जडले. आता क्षयाने आजारलेल्या मुलालाही स्वस्त आरोग्यधामात पाठवायचा त्याचा बेत असतो. दिव्यावरून मुलाशी जुंपल्यावर तो इरेला पेटून झुंबरातले तिन्ही बल्ब लावतो, बालपणीच्या दारिद्र्याची आणि वाया घालवलेल्या गुणांची कहाणी मन मोकळे करून सांगतो, आणि ती संपताच उजेड डोळ्यांना खुपतो, वीज कंपनीची धन कशाला करायची, असे म्हणत एकेक बल्ब मालवतो. मुलगा कसेबसे हसू आवरतो. पश्चात्ताप आणि चिक्कूपणा एकाच माणसात इतके शेजारी शेजारी नांदताना मी अन्य कोठे पाहिलेले नाहीत.

आपल्याच आईबापांच्या संसारावर बेतलेल्या या नाटकाचे हस्तलिखित ओनीलने १९४१ साली लग्नाच्या बाराव्या वाढदिवशी पत्नी कार्लोटाला भेट दिले. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षे ते छापू नये, अशी त्याची इच्छा होती. तो १९५३ मध्ये वारला आणि तिने ते १९५६ मध्येच छापू दिले.