बूट आधी, भाकरी नंतर

आमच्या सरकारी हॉस्पिटलच्या क्लबफूट ओपीडीत मी आईबापांशी बोलायचं, समजावायचं काम करते. क्लबफूट म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेलं असतं, साधारण हजारात एखाद्या बाळाला होतं आणि ग्रहणात काही चिरल्यामुळे वगैरे अजिबात होत नाही, तरी बोल आईलाच लागतो, याचा मला फार राग येतो.

पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करतात, पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेकांना टाचेची शीर सोडवायचं छोटं ऑपरेशन, परत तीन आठवडे प्लास्टर. इथपर्यंत सगळे येतात कारण पाय सुधारताना डोळ्यांना दिसतो. खरी कसोटी पुढे, मधे दांडी असलेले बूट 3 महिने दिवसातले 23 तास आणि नंतर रोज रात्री, मूल 4-5 वर्षांचं होईपर्यंत. पाय सरळ दिसतोय मग कशाला, असं म्हणून बूट सुटले की पाय परत वळायला लागतो.

त्या दिवशी एक नवीन आई रडतच आली. बाळ रात्रभर किंचाळतं, सासूबाई म्हणतात काढून टाक. मी नेहमीचं सगळं सांगितलं, पण ती ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हती. शेजारी बीडकडच्या एक ऊसतोड करणाऱ्या ताई बसल्या होत्या, मुलगा चार पूर्ण झालेला. त्यांनी विचारलं, "बूट कवा घालती गं?"

"तो झोपल्यावर."

"तितंच चुकतंय बघ. झोपंत घातलं की दचकून उठतंय. आधी घाल, खेळव, मग निजव."

आणि बाळाला मांडीवर घेऊन दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे-सोडायचे करून दाखवलं, एकेक पाय हलत नाही म्हणूनच लेकरू चिडतं, दोन्ही पाय मिळून झाडायला जमलं की शांत होतं. रडलं म्हणून काढलं तर रडल्यावर बूट निघतात हेच ते शिकतं, हेही सांगितलं. टाच बुटाच्या भोकातून दिसते का बघायला लावलं. हे सगळं मीही सांगते हो, पण त्यांनी केलं तेव्हा ती नवीन आई रडायची थांबून नीट बघायला लागली.

मग त्या ऊसतोडीच्या वेळी राहायच्या कोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, सांगत होत्या. पहाटे तीन-चारला उठून फडात, संध्याकाळी अंगात जीव नाही, लेकराआधी आपलाच डोळा लागायचा. म्हणून नियम केला, बूट घातल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, आणि नवऱ्यालाही तोच नियम. भूक काय रोज आठवण करूनच देते! हंगामाला जायच्या आधी पुढच्या मापाचे बूट आणि सुती मोजे मागून न्यायच्या, ओल्या मोज्याने फोड येतात म्हणून एक जोड कायम वाळत घातलेला. चिकाटी असावी लागते असं आम्ही लोकांना सांगत बसतो, पण थकलेल्या माणसाला रोज रात्री नव्याने ठरवायची वेळच येऊ नये अशी सोय त्यांनी लावली होती, आणि ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक घराला सांगते.

डॉक्टरांनी त्या ताईंच्या मुलाला उकिडवं बसायला सांगितलं, टाचा जमिनीला टेकवून आरामात बसला. बूट बंद झाले. तपासणी मात्र चालू राहणार, सहा महिन्यांनी या म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, तवा आमी कारखान्यावर असतो." म्हणून कार्डावर गुढीपाडव्यानंतरची तारीख लिहून दिली.