मामांची फाइल

माझे मामा गुहागर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून नमन-खेळ्यांची गाणी उतरवून घ्यायचे. नव्वदच्या दशकात चिपळूणच्या एका छापखान्यात त्यांनी त्याचं पुस्तक केलं. २२ जुलै २०२१ च्या महापुरात उरलेल्या प्रती चिखलात गेल्या. पुस्तकाच्या फाइलची सीडी मात्र पुण्याला मावसभावाकडे होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

फाइल उघडली, तर गण-गवळणींच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं! मजकूर त्या वेळच्या एका खासगी फॉन्टमध्ये टाइप केलेला. कोणत्या बटणाला कोणतं अक्षर, हे तेव्हा प्रत्येक फॉन्टवाला आपापलं ठरवायचा. फॉन्ट नाही, तर मजकूरही नाही. शेवटी तो मजकूर आजच्या अक्षरांत बदलून देणारा एक कन्व्हर्टर मिळाला, पण रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरांवर जाऊन बसली. ओळ न् ओळ मामींना वाचून दाखवत दुरुस्त केली. त्यांना बरीच गाणी चालीसकट पाठ आहेत.

म्हणून नवी आवृत्ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, आणि ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारातच, यावर मी अडून बसले. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं. मामींच्या फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपबमध्ये अक्षर कितीही वाढवा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. शिवाय ईपब ही मुळात झिप फाइल असते. उघडली की आत साधी वेबपानं, कुणालाही वाचता येतील अशी. तिचे नियम सर्वांसाठी खुले आहेत आणि २०१७ पासून ते डब्ल्यूथ्रीसी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था सांभाळते. अ‍ॅमेझॉनने किंडलवरच्या आपल्या केएफएक्स या फाइल-प्रकाराचे नियम असे खुले केलेले नाहीत.

अर्थात ईपबलाही डीआरएमचं, म्हणजे विकणाऱ्याच्या परवानगीशिवाय पुस्तक उघडू न देणारं, कुलूप लावता येतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि तिथे विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. टिपणांचा असा हिशेब मला फार खटकतो. मामांच्या पुस्तकाला आम्ही कुलूप लावलेलं नाही.

कोकणातल्या मंडळांकडे, वाचनालयांकडे अशा स्मरणिका, गाण्यांच्या वह्या जुन्या फॉन्टमध्ये पडून असणार. तो फॉन्ट ज्या संगणकात अजून चालतो, तो भंगारात देऊ नका. आधी फॉन्टची फाइल काढून ठेवा आणि सगळा मजकूर एकदा कागदावर छापून घ्या. कन्व्हर्टरच्या चुका पकडायला समोर काहीतरी लागतं, आणि मामींसारखं पाठांतर सगळ्यांच्या घरी नसतं.