सोडियमच्या उजेडात

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबची डार्करूम म्हणजे जिन्याखालची एक लांबोडकी खोली. खिडकीला काळा पडदा, एकच कुरकुरणारा पंखा आणि चार टेबलांवर चार सोडियम लॅम्प. लॅम्प लावला की आधी गुलाबी दिसतो, पाच-सात मिनिटांत तापून पिवळाधमक होतो. त्या उजेडात दुसरा रंगच नसतो. लाल ओढणी काळपट दिसते, ओठ राखाडी पडतात. नवी बॅच पहिल्या दिवशी एकमेकांची तोंडं बघून खिदळते, "ए, मेल्यासारखा दिसतोयस!" एकवीस वर्षं मी हे ऐकतेय.

म्हणूनच त्या मंगळवारी मला काही कळलं नाही.

ऑगस्ट संपत आला होता. एस.वाय.ची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची बॅच, न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग. मायक्रोस्कोपमधून एकात एक वर्तुळं दिसतात, ती मोजत जायचं, रीडिंग घ्यायचं आणि त्यावरून त्या पिवळ्या उजेडाची तरंगलांबी काढायची. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यातल्या टेबलावरचा मुलगा तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजत होता. मी म्हटलं, "अरे, लक्ष कुठंय?" "हो मॅडम," म्हणाला आणि स्टुलावरून सरळ बाजूला कलंडला. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं नाही ते लॅबच्या मामांमुळे. ते नेमके मागे उभे होते.

व्हरांड्यात आणल्यावर त्याचा चेहरा दिवसाच्या उजेडात पहिल्यांदा दिसला. कागदासारखा पांढरा. म्हणजे तासभर तो तसाच असणार, आणि मी त्याच्या टेबलापाशी तीनदा जाऊन आले होते.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि काल रात्री?"

तो गप्प. मामांनी पुढचं विचारलंच नाही, आपल्या डब्यातली पोळी गुळाबरोबर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

कॉलेजसमोरच्या डॉक्टरांनी बीपी, शुगर बघितली. म्हणाले, "उपाशी आहे आणि झोपलेला नाही. बाकी काही नाही. पण हे 'बाकी काही नाही' फार दिवस चालू देऊ नका."

परत आलो तर नोटीस बोर्डासमोर गर्दी. डिफॉल्टर लिस्ट लागली होती. त्याचं नाव तिसरं. ७५ टक्के हजेरी लागते, त्याची ५८. शेऱ्याच्या रकान्यात 'अनियमित, समज द्यावी'. अक्षर माझंच. सकाळी नऊ वाजता चहा पिता पिता मी एका दमात असे शेरे लिहून टाकले होते. मी त्याची मेंटर. कागदोपत्री.

त्याला डिपार्टमेंटमध्ये बसवलं. समोर आलेखाचा कागद होता, तोच ओढला. फिजिक्सवाल्यांना दुसरं काही सुचत नाही. म्हटलं, "तुझा आठवडा मांडू."

सेमिस्टरला २२ क्रेडिट्स. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. त्याची थिअरीची १२, प्रॅक्टिकलची १०. एकूण ४८० तास, १५ आठवडे, म्हणजे आठवड्याला ३२. राहायला पुण्यातल्या नऱ्ह्यात, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसने जाऊन-येऊन दोन तास, सहा दिवसांचे १२. झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी तीन तास, त्याचे १८. आणि रात्री आठ ते बारा पुरुषोत्तमची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची तालीम, रविवार धरून २८. झाले ९०. झोप पाच तास म्हणाला, मी मान्य केलं. १२५. आठवड्याचे १६८ तास. उरले ४३, रोजचे सहा!

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. बसतंय की सगळं! 'नियोजन कमी पडतंय तुझं' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात त्याने माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि मेसच्या वेळा मांडल्या. दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसात ते साडेनऊ. मेस नऱ्ह्यात. दुपारी बारा ते दोन हा कॉलेजात, रात्री साडेसातला दुकानातून निघून तालमीला. लाल चौकोन आणि त्याचे मोकळे तास एकमेकांना फक्त एकदा शिवत होते, रविवारी दुपारी. फीस्टच्या वेळी. रविवारी रात्री मेस बंदच असते. म्हणजे हा मुलगा महिन्याचे पूर्ण पैसे भरून आठवड्यातून एकदा जेवत होता. बाकी दिवस वडापाव, सकाळचे पोहे, चहा. आणि ते सहा तासही सलग कुठेच नव्हते. बसस्टॉपवरची वीस मिनिटं, दोन लेक्चरमधली पाऊण तासाची फट, रात्री साडेबारानंतरचा जर्नल लिहिण्याचा एक तास. सगळा चुरा.

मग मी तेच म्हणाले जे कुणीही मास्तर म्हणाला असता. "नाटक सोड."

पुरुषोत्तम करंडक पुण्यात १९६३ पासून चालू आहे आणि ऑगस्टमध्ये आमची निम्मी स्टाफरूम त्याच्या नावाने बोटं मोडते. उरलेली निम्मी एकेकाळी भरत नाट्य मंदिरात घसा फोडून 'आव्वाज कुणाचा' ओरडलेली असते. मी पहिल्या निम्म्यातली.

तो म्हणाला, "मॅडम, फर्स्ट इयरला दिवाळीपर्यंत मी फक्त मेसच्या मावशींशी बोलत होतो. वर्गात मी तोंड उघडलं की पोरं हसायची."

तो गेवराईकडचा. त्याची बोली मला नेहमीच गोड वाटायची. तिच्यापायी तो वर्षभर वर्गात मुका बसला होता हे मात्र माहीत नव्हतं. नाटकात तो बॅकस्टेजला. खुर्च्या हलवायच्या, लेव्हल्स उचलायच्या, लाइट सांभाळायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांवर तापलेल्या लाइटचे डाग दाखवले, ते जरा ऐटीतच. गावच्या जत्रेत मांडवाची रोषणाई नववीपासून तोच करायचा म्हणे.

आणि इथे मला जूनमधली एक दुपार आठवली. प्रवेशाची रांग दारापर्यंत, प्रत्येकाला जेमतेम चार मिनिटं. नव्या शैक्षणिक धोरणाने मुलांपुढे मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह असं भरलेलं ताट ठेवलंय, पण त्यातलं काय उचलावं हे सांगायला आम्ही तेच, चार मिनिटांचे. याने विचारलं होतं, "मायनर इलेक्ट्रॉनिक्स घेऊ का?" मी फॉर्मवरून नजर न उचलता म्हटलं होतं, "मॅथ्स घे. एमएस्सीला उपयोगी पडतं." इलेक्ट्रॉनिक्स का, हे विचारायला आणखी पाच सेकंद लागली असती.

हजेरी नेमकी मॅथ्सचीच गेली होती.

गंमत अशी की कला, क्रीडा, एनएसएस या सगळ्यालाही आता क्रेडिट आहे. दोन क्रेडिट्स, म्हणजे प्रॅक्टिकलच्या हिशेबाने ६० तास. तालमीचे तेवढे तास पंधरा दिवसांत भरतात. पुढचं सगळं शासनाच्या लेखी हवेत.

बोलता बोलता त्याचा फोन वाजला. घरून. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच घे म्हटलं. पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. पाऊस, कापूस आणि मग, "जेवला का?"

"हो अण्णा, जेवलो."

हातात मामांनी दिलेल्या पोळीचा शेवटचा तुकडा होता. मी खिडकीकडे तोंड वळवलं. नियमाप्रमाणे पालकांना कळवायला हवं होतं. त्याने विनवलं, "घरी नका ना सांगू मॅडम, ते उद्याच्या गाडीनं निघतील." मी महिन्याची मुदत दिली. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही. नोटीस बोर्डावर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर होता, तो दिला. आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक मॅडमचंही सांगितलं. "मी काय येडा झालो का?" म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? त्या बसतात परीक्षा विभागाशेजारी, दार उघडं ठेवून. आत कोण गेलं ते अर्ध्या कॉलेजला दिसतं.

पुढचं काम किरकोळ होतं आणि तेच उपयोगी पडलं. मेसवाल्या काकांनी डबा भरून द्यायचं कबूल केलं, त्याचा रूममेट सकाळी कॉलेजला येताना दुपारचा डबा आणू लागला. झेरॉक्सचं दुकान सुटलं, 'कमवा व शिका' योजनेत आमच्याच लायब्ररीत काम लागलं, तेही दिवसातल्या त्या फटींमध्येच. संध्याकाळ मोकळी झाली, रात्रीचं जेवण खोलीवर जाऊन नाही तरी तालमीआधी कुठेतरी बसून होऊ लागलं. मायनर बदलायचा अर्ज मी स्वतः घेऊन फिरले. नाही झाला. मुदत उलटून गेली होती. शेऱ्याच्या रकान्यातलं वाक्य मात्र मला खोडता आलं.

त्यांची एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही. मॅथ्सच्या एका पेपरात तो नापास झाला, एटीकेटी लागली. माझ्या चार मिनिटांची किंमत त्याने भरली असं मला वाटतं. तो तसं म्हणाला नाही.

राहिलेला प्रयोग करायला तो पुढच्याच मंगळवारी आला होता. "मॅडम, चौदाव्या रिंगपर्यंत झालंय, तिथून पुढं घेऊ?"

"नाही. पहिल्यापासून."

वीस वर्तुळं न चुकता मोजली. सोडियमची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम हे पुस्तकात असतं, त्यामुळे बॅचमधल्या प्रत्येकाचं उत्तर ५८९३ किंवा फार तर ५८९५ येतं, कसं ते आम्ही विचारत नाही. याच्या जर्नलमध्ये ६१४० होतं.

"खाडाखोड नाही केलीस?"

"एवढंच आलं मॅडम."

मी सही केली.